आमच्या हिची शुगर

बेहेरे आपल्या मांजरीला 'आमची ही' म्हणतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर आमच्या घरातला एक आठवडा सुखाचा गेला असता.

मी परदेशात मुलाकडं, पापाकुऱ्याला येऊन फार दिवस झाले नव्हते. गल्लीत बोलायला माणूस नाही. एक दिवस समोरच्या घरातून एक उंच, वाळका म्हातारा कचऱ्याचा डबा ओढत बाहेर आला. पायांत मोजे आणि मोज्यांवर जॅंडल, म्हणजे आपली रबरी चप्पल. तेवढ्यावरून मी ओळखलं, हा पुण्याचा. त्यानं मला टोपीवरून ओळखलं. नावगाव झालं. मी म्हटलं, घरी सगळं बरं आहे ना?

"कसलं बरं," ते म्हणाले. "आमच्या हिची शुगर उतरत नाही. सकाळ-संध्याकाळ सुई टोचतो. पूर्वी पडद्यावर चढायची, आता कोचावरसुद्धा चढवत नाही तिला."

मी पडद्यापाशीच अडकलो. पण शहरातल्या बायकांचं आपल्याला काय कळतंय, म्हणून नुसती मान हलवली.

घरी येऊन सुनेला सांगितलं. सुजाता मनानं चांगली. तिच्याकडं हळदीकुंकू होतं, तर समोरच्या काकूंना बोलवायला स्वतः गेली, आणि आली ती पांढरीफटक पडून. बेहेरे तिला म्हणाले होते, ती कुणाकडं जात नाही, कोणी आलं की पलंगाखाली जाऊन बसते. मग जेवतात कधी, तर म्हणे ताटली ठेवतो, खाल्लं तर खाल्लं, नाही तर उचलून ठेवतो. आणि फारच आवाज केला तर संडासाच्या खोलीत कोंडतो. सुजाता माझ्या मुलाला म्हणाली, या देशात असलं कळवायचं असतं. तीन दिवस घरात तीच चर्चा. शेवटी मुलगा धीर करून गेला. बेहेऱ्यांनी त्याला आत नेलं, पलंगाची चादर वर केली आणि म्हणाले, "ही बघा. नमस्कार करायची नाही, शिकवलेलं नाही."

आतून दोन हिरवे डोळे बघत होते.

खऱ्या बेहेरेबाई पुण्यातच वारल्या होत्या. त्यानंतर मुलानं बापाला इकडं आणलं, आणि मग मुलालाच ख्राइस्टचर्चला चांगली नोकरी लागली. तो बायकोला घेऊन तिकडं गेला, बेहेरे इथंच राहिले. मांजर त्या घराबरोबरच मिळालेली. आधीचे लोक सामान घेऊन गेले आणि ही कुंपणावर बसून राहिली. बेहेऱ्यांच्या सुनेला मांजराच्या केसांनी दम लागतो, त्यामुळं मांजर ख्राइस्टचर्चला जाऊ शकत नाही, आणि दोन वेळच्या सुईमुळं बेहेरे चार दिवससुद्धा घर सोडू शकत नाहीत. तिकडं नात झाली होती, ती त्यांनी फोनच्या काचेतच बघितली होती. मुलगा म्हणायचा, मांजराला ठेवायला जागा असतात, बाबा, तिथं ठेवा. बेहेरे म्हणायचे, "आमची ही लॉजवर राहणार नाही."

आता माझं आणि त्यांचं पटायचं काही कारण नव्हतं. मी पिठाच्या गिरणीवाला. चौथीपर्यंत शिकलो, पुढं शाळेला माझी गरज उरली नाही. बेहेरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. म्हणजे आयुष्यभर त्यांनी माझ्यासारख्यांच्या दारात उभं राहून काटा तपासला आणि आयुष्यभर मी त्यांच्यासारख्यांना चहा पाजला. पहिल्याच भेटीत धंदा कळल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू माझ्या खिशात अजून कुणाचं पावशेर पीठ आहे. तेव्हापासून मी 'गिरणीवाले' आणि ते 'साहेब'.

नोकरी सुटली तरी खातं सुटलं नव्हतं. त्यांच्या कापडी पिशवीत कायम एक किलोचं लोखंडी वजन. सरकारी शिक्का मारलेलं. दुकानात गेले, की काट्यावर आधी स्वतःचं वजन ठेवायचं, आकडा बघायचा, मग बटाटे. आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे दुधाच्या नव्हे, किराणा-बिस्किटाच्या दुकानात, काटाच नव्हता. त्यावर बेहेरे दोन दिवस नाराज होते.

आणि माणसाबद्दल त्यांचा एकच शेरा असायचा. "पासंग आहे." तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना एक झुकतं, ते झुकणं म्हणजे पासंग. लबाड दुकानदार तो मुद्दाम ठेवतो. बेहेऱ्यांना तो सगळीकडं दिसायचा. टीव्हीवरच्या मंत्र्यात पासंग, पोस्टमनमध्ये पासंग, सुजाताच्या उकडीच्या मोदकात थोडा पासंग. माझ्यात किती, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण अंदाज होता त्यांचा.

तर अशा माणसाला मांजरीसाठी नवा डॉक्टर शोधायचा होता.

मी त्यांना सांगितलं होतं, साहेब, माझ्या गिरणीत पिढ्यान् पिढ्या मांजरं नांदली. उंदीर खाल्ला, पिठात लोळली, मेली. साखरेचा आजार मांजराला कधी ऐकला नाही. ते म्हणाले, "तुमच्या गिरणीत आजार सांगणार कोणाला, गिरणीवाले? पट्ट्याच्या आवाजात ऐकू येत होतं का?" मी विषय बदलला.

मुलगा-सून कामावर, मी रिकामा. त्यामुळं डॉक्टरकडं जाताना पिशवी धरायला ते मला नेत. मी बाहेरच्या खुर्चीवर बसायचं, तपासणीच्या खोलीत यायचं नाही. तपासणीला धंदेवाला हजर नको, हा त्यांच्या खात्याचा जुना नियम असावा.

पहिला डॉक्टर आमच्या पापाकुऱ्यातलाच, कोवळा पोरगा. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं. बेहेरे म्हणाले, मनी. आपल्याकडं दर दुसरी मांजर मनीच असते, पण तिनं लिहिलं ते इंग्रजीतलं, पैसेवालं. आडनावाचं तिनं जमेल तसं केलं आणि थोड्या वेळानं सगळ्या कुत्र्या-मांजरांच्या देखत हाक मारली, "मनी बेअर!" सुजातानं मला नंतर सांगितलं, बेअर म्हणजे अस्वल. पैशाचं अस्वल टोपलीत घालून बेहेरे ताठ मानेनं आत गेले. दार लागलं. आतून काट्यावर लोखंड ठेवल्याचा ठण् आवाज आला, मग बोलणं, आणि एकदम बेहेरे टोपली घेऊन बाहेर.

"पासंग आहे," ते म्हणाले. "चला."

दुसरा डॉक्टर जरा लांबचा. तिथंही तेच. फरक एवढा, की हा डॉक्टर त्यांच्या मागोमाग गाड्या लावायच्या जागेपर्यंत आला. भला माणूस दिसत होता. हळू आवाजात काहीतरी समजावत होता. मला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, तो म्हणजे लोन. अलोन की लोन, असं काहीतरी. आल्यावर मी बेहेऱ्यांना विचारलं, इथले डॉक्टर कर्जपण देतात का?

बेहेऱ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हो. देतात."

त्या डॉक्टरनं औषधाचं माप मात्र वाढवून दिलं होतं, आणि बेहेरे ते पाळत होते. त्यानंतर एका दुपारी ते आमच्या दारात आले. पायांत मोजे नव्हते. मांजर हातावर ओल्या टॉवेलसारखी पडलेली, डोळे उघडे पण बघत नव्हती. "मध आहे का?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, गिरणीवाले नाही. सुजातानं फडताळात वर ठेवलेला तिचा मानुका मध होता, इथला महागडा, चमच्यानं मोजून खायचा. मी बाटलीच दिली. त्यांनी बोटानं तिच्या हिरड्यांना मध चोळला, पुन्हा चोळला. साखर जास्त खाली गेली होती. बऱ्याच वेळानं तिनं जीभ बाहेर काढली. मग डोकं उचललं आणि मला बोचकारलं. बेहेरे तिथंच जमिनीवर बसले.

"दरवेळी दवाखान्यातल्या आकड्यावरून माप वाढवतात," ते म्हणाले. "काट्यावर कोणी घाबरून बसलं तर वजन बदलत नाही. पण साखर बदलते, असं कुठंतरी वाचलंय मी. हे ज्याला माहीत आहे असा माणूस पाहिजे, गिरणीवाले. पुढच्या खेपेला ती उठायची नाही."

त्या दिवशी मला कळलं, की हा खेळ नाही.

जाणकार माणसाचा पत्ता लागला तो अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात. तिथं एक फिजीकडची बाई कोथिंबीर, मेथी, शेवग्याची पानं विकते. हिंदी बोलते, पण तिची स्वतःची हिंदी. बेहेऱ्यांनी सवयीनं तिच्या काट्यावर लोखंडी वजन ठेवलं. बाईनं कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, लोहा बेचने आया है क्या, काका? मग मीच मध्ये पडलो. हा माणूस वाईट नाही, घरी मांजर आजारी आहे, साखरेचा आजार आहे, डोकं ठिकाणावर नाही, असं सांगितलं. बाईचा चेहरा उतरला. तिच्या मांजराला तोच आजार होता म्हणे, आणि बाजारापासून जवळच एक डॉक्टरीण आहे, तिच्यामुळं ते पुढं कितीतरी वर्षं जगलं. तिनं पत्ता सांगितला आणि मेथीची एक जुडी जास्तीची टाकली. बेहेऱ्यांनी ती परत केली, काटा बरोबर असताना जास्त देणं हाही एक पासंगच, म्हणून.

आम्ही दोघं आणि टोपलीतली मांजर असे आगगाडीनं गेलो. डबा अर्धा रिकामा. बेहेऱ्यांनी टोपलीवर स्वतःची शाल घातली होती आणि वाटेत तीनदा आत बोट घालून ती गार पडली नाही ना ते बघितलं. मी म्हटलं, साहेब, ही शाल पुण्याची दिसते. ते म्हणाले, "हिची होती." या वेळी कुठली ही, ते मी विचारलं नाही.

डॉक्टरीण पन्नाशीच्या पुढची. पांढरे केस, हातांवर जुन्या बोचकाऱ्यांच्या रेघा. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली आणि बाहेर बसलेल्या मलाही आत बोलावलं. बेहेऱ्यांना ते आवडलं नाही. पण ती दार धरून उभी राहिली आणि मी हट्टी असल्यामुळं गेलो.

तिनं मांजरीला टोपलीतून ओढून काढलं नाही. टोपलीचं वरचं झाकण तेवढं काढलं आणि स्वतः खाली फरशीवर बसली. मांजर खालच्या अर्ध्या टोपलीत शालीवर तशीच बसून राहिली. बेहेऱ्यांनी पिशवीतून वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. आता काय होतंय म्हणून मी बघत होतो. काटा थोडा जास्त दाखवत होता. डॉक्टरीण उठली, आकडा बघितला, वजन हातात घेऊन त्याच्यावरचा शिक्का बघितला आणि म्हणाली, इतक्या वर्षांत हे तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिनं त्याच वेळी काट्यावर चिठ्ठी चिकटवली, दुरुस्तीला पाठवायचा म्हणून, आणि आतून दुसरा आणला. बेहेऱ्यांची मान दोन बोटं वर गेली.

मग तिनं मांजरीला चालू दिलं. मागचे पाय टाचेपर्यंत टेकत होते, ससा बसतो तसे. तिनं ते बोटानं दाखवलं, हे साखरेमुळं होतं म्हणाली, आणि बरंही होतं. इथं रक्त काढून उपयोग नाही, भीतीनं साखर चढलेलीच दिसणार. घरी, तिच्या जागेवर, कानाच्या कडेला बारीक टोचून थेंबभर घ्यायचं आणि त्यावरून माप ठरवायचं. बेहेरे मला मराठीत पुन्हा सांगत होते, आणि सांगताना त्यांचा आवाज हलका होत चालला होता. त्यांनी तिला इतके प्रश्न विचारले, की बाहेर कुत्रं कंटाळून भुंकायला लागलं. एकाही उत्तरावर त्यांनी शेरा मारला नाही. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

मग डॉक्टरणीनं विचारलं, घरात ही सुई आणखी कुणाला देता येते? तुम्हीच आजारी पडलात तर? घरी अलोन असता का?

तोच शब्द. या खेपेला बोलणारीचं तोंड माझ्यासमोर होतं, आणि ते कर्ज देणाऱ्याचं तोंड नव्हतं. सुजाता मला एकटं ठेवून कामावर जाताना फोनवर कुणाला तरी हाच शब्द सांगते, ते मला आठवलं.

बेहेऱ्यांनी टोपलीचं झाकण उचललं, बसवलं आणि कडी लावायला लागले.

"पासंग आहे," ते मला म्हणाले. "चला, गिरणीवाले."

पापाकुऱ्याच्या त्या पोरानं हेच विचारलं असणार. गाडीपर्यंत मागं आलेला भला माणूसही हेच समजावत होता. या वयात, एकट्या माणसानं, हा आजार कसा सांभाळायचा. त्या दोघांचे काटे बरोबरच असणार. बेहेरे त्या एका प्रश्नावरच प्रत्येक वेळी उठून आले होते.

मी उठलो नाही.

"बसा, साहेब," मी म्हणालो. "तिनं विचारलंय, त्याला उत्तर द्या."

"काय उत्तर देऊ?"

"ते मला काय माहीत. साहेब तुम्ही आहात."

कडी लागत नव्हती. साधी प्लॅस्टिकची कडी, रोजची. त्यांनी ती दोनदा चुकवली आणि मग हात तसाच झाकणावर ठेवला. डॉक्टरीण घाई करत नव्हती. आत मांजर एकदा ओरडली. बेहेऱ्यांनी माझ्याकडं न बघता बोट माझ्याकडं केलं.

"माय ब्रदर," ते म्हणाले. "अपोझिट हाउस."

हा माणूस मेथीची जुडी परत करणारा. त्याच्या तोंडून खोटं ऐकून मला घाम फुटला.

"ब्रदरचं नाव?" डॉक्टरणीनं विचारलं.

पहिल्या भेटीत मी नाव सांगितलं होतं, पण निरीक्षकाला धंदा कळला की नावाची गरज उरत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्या दुपारी मध मागताना बघितलं होतं.

"धोंडीराम कदम," मी म्हणालो.

डॉक्टरणीनं माझी टोपी बघितली, त्यांचे मोजे बघितले. बेअर आणि कदम ही दोन आडनावं एका आईच्या पोटी कशी आली, हे तिनं विचारलं नाही. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे उत्तम. आणि सरावाला मिठाच्या पाण्याची सुई माझ्याच हातात दिली. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी उचलायची, आणि तंबूच्या दारातून सुई. आयुष्यभर पोती शिवली मी. सुई सरळ गेली, पण मांजरीकडं बघवेना.

परत येताना आगगाडीत बेहेरे म्हणाले, "कदम, तुम्ही राहता कुठल्या नंबरात?" मी म्हटलं, समोरच्याच. ते म्हणाले, "ते माहीत आहे. नंबर विचारला."

पुढं पंधरा दिवस त्यांनी मला संत्र्यांवर सुई टोचायला शिकवलं. इतका वाईट मास्तर मी शाळेतसुद्धा बघितला नव्हता. दळणाऱ्याचा हात आहे, हलका ठेवा. चिमटीत पासंग आहे. संत्र्याला दुखतं, असं समजा. दुपारी सुजाता ती संत्री टाकून द्यायची. मांजरीच्या कानातून थेंब काढणं ते स्वतः करायचे, आधी हातमोज्यात गरम भात बांधून कान शेकायचे आणि तोवर तिच्याशी ऑफिसच्या गोष्टी बोलायचे. आकडे हळूहळू सरळ व्हायला लागले. डॉक्टरणीनं औषधाचं माप उतरवलं.

मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "आज तुम्ही द्या." आणि खोलीतून निघून गेले. तीस वर्षं दुसऱ्याच्या काट्यावर डोळा ठेवून उभा राहिलेला माणूस, पण हे त्यांना उभं राहून बघवलं नाही.

मांजर ताटलीत तोंड घालून खात होती. मी तंबू उचलला, सुई घातली, काढली. तिनं मान वर केली नाही. मी हाक मारणार, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत बेहेरे फोनवर बोलताना ऐकू आले. मुलाशीच असणार.

"हो, बघ तिकीट. चार दिवस येतो... नाही रे, लॉजवर कशाला." मुलगा तिकडून काहीतरी विचारत असावा. "बाहेरचं कोणी नाही," बेहेरे म्हणाले. "घरातलाच माणूस आहे."

मी सुई डब्यात टाकली. हाक मारली नाही. मांजरीचं खाणं होईपर्यंत तिच्याजवळ फरशीवर बसून राहिलो.